चॅटबॉट भावनेच्या आहारी जात नाही, मग त्याचा सल्ला घरच्यांपेक्षा तर्कशुद्ध मानावा का?

तुमचा प्रश्न असा, की चॅटबॉटला ना राग-लोभ ना नातीगोती, मग निर्णयाच्या बाबतीत त्याचं म्हणणं घरच्यांपेक्षा वरचढ धरावं का. आणि नोकरी बदलावी की नाही हे ठरवायला कोणती पद्धत वापरावी.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ 'नाही' आहे. भावना नसल्या म्हणजे तटस्थता आपोआप येत नाही. ही यंत्रं तयार करताना कोणतं उत्तर माणसांना जास्त पसंत पडतं हे पाहून त्यांना वळण लावलेलं असतं, आणि माणसांना आपल्याच मताला दुजोरा मिळालेला आवडतो. त्यामुळे प्रश्नाच्या शब्दांतून तुमचा कल दिसला, की उत्तर अनेकदा त्याच बाजूला झुकतं. 'यंत्राने सांगितलं' म्हणून तुम्ही घरच्यांपुढे जे ठेवता, ते पुष्कळदा तुमचंच मत असतं, फक्त छान भाषेत आणि मुद्देसूद.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण हाच वाद आमच्या घरात झाला आहे.

बाबा गेल्यावर आई एकटी राहू लागली. दादाचं म्हणणं, तिने घर बंद करून त्याच्याकडे यावं. माझं म्हणणं, तिला विचारू. एका रविवारी दादा छापील तक्ता घेऊन आला. चॅटबॉटकडून करून घेतलेला. डावीकडे निकष, प्रत्येकासमोर वजन, म्हणजे त्याला शंभरपैकी किती महत्त्व, पुढे दोन्ही पर्यायांना दहापैकी गुण. सुरक्षितता ४०, डॉक्टर जवळ असणं ३०, खर्च २०, स्वातंत्र्य १०. दादाच्या घराला अनुक्रमे ९, ८, ६, ३ गुण. आईच्या घराला ५, ५, ७, ९. गुणांना वजनाने गुणून दहापैकी गोळाबेरीज ७.५ विरुद्ध ५.८. दादा म्हणाला, "यात माझी भावना नाही, तुझी नाही. हिशेब समोर आहे."

आईने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दहा कुणी दिले रे?"

दादा म्हणाला, ते यंत्राने सुचवलं आणि त्याला पटलं.

मी पेन घेतलं आणि आईला म्हटलं, तू दे. तिने स्वातंत्र्याला ४० दिले, सुरक्षिततेला २५, डॉक्टरला २०, खर्चाला १५. गुणांना मी हात लावला नाही, ते दादाचेच ठेवले. नवी बेरीज: दादाचं घर ५.९५, आईचं घर ६.९. निकाल उलटा झाला. कुठलं तथ्य बदललं नव्हतं, गुणाकार आधीही बरोबर होता आणि नंतरही. बदललं ते एवढंच, की कोणत्या गोष्टीला किती किंमत द्यायची हे जिचं आयुष्य आहे तिने ठरवलं. ती किंमत कुठल्याही माहितीतून निघत नाही. यंत्राला जगातली सगळी वैद्यकीय आकडेवारी पाठ असली, तरी आईला स्वतःच्या दाराला स्वतः कुलूप लावण्याचं मोल किती वाटतं, हे त्याला कळायला वाव नाही. त्याने १० लिहिले, कारण काहीतरी लिहायचं होतं.

दादाने मग अमेरिकेचा जुना मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याचा दाखला दिला. तोही असंच करायचा म्हणे. मी ते पत्र शोधून वाचलं. १७७२ सालचं आहे, जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला लिहिलेलं. प्रीस्टलीपुढे नोकरीचा प्रस्ताव होता (म्हणजे तुमचाच प्रश्न) आणि त्याने सल्ला मागितला होता. फ्रँकलिन सुरुवातीलाच सांगतो, की पुरेशी माहिती नसल्याने काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाचे दोन भाग करायचे, एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस जसे सुचतील तसे लिहीत जायचे. मग वजनाने सारखे वाटणारे मुद्दे दोन्हीकडून खोडायचे आणि शिल्लक कुठे राहते ते पाहायचं. ही वजनं बीजगणितासारखी अचूक नसतात, हेही तो लिहितो. म्हणजे ज्याच्या नावावर दादाने तक्ता खपवला, त्याने स्वतः काय करावं हे सांगायचं टाळलं होतं आणि वजनं प्रीस्टलीवर सोडली होती. दादाने पत्रातली रेघ उचलली, बाकीचं सोडून दिलं.

अजून एक गोष्ट मी त्याच्यासमोर करून दाखवली. त्याच यंत्राला, त्याच दिवशी, दोन वेगळ्या संभाषणांत विचारलं. एकदा लिहिलं, 'आई वयस्क आहे, एकटी राहते, मला काळजी वाटते, तिला माझ्याकडे आणणं योग्य ना?' दुसऱ्यांदा लिहिलं, 'आई स्वतःची सगळी कामं स्वतः करते, शेजार चांगला आहे, तिला घर सोडायला लावणं योग्य नाही ना?' दोन्ही वेळा आधी माझ्या विचारीपणाचं कौतुक झालं आणि मग होकार आला. दोन्ही वर्णनं खरी होती.

यात सगळा दोष यंत्राचा नाही, ही माणसाची जुनी खोड आहे. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही ते समजणार. लोक ८, १०, १२ अशी त्रिकुटं देत राहिले, दर वेळी 'बसतं' ऐकत राहिले आणि दोन-दोनने वाढणारे आकडे हाच नियम, अशी खात्री करून बसले. नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ किंवा ५, ७, २० विचारून पाहिलं असतं तर आपला अंदाज चुकतोय हे लगेच कळलं असतं. दादा चॅटबॉटला ८, १०, १२ विचारत होता. तुम्हीही बहुधा तेच करताय.

तेव्हा विचारायचंच असेल तर आपला कल लपवून विचारा. दोन्ही पर्याय दुसऱ्या कुणाचे आहेत असं लिहा. 'मी हा निर्णय घेतला आणि दोन वर्षांनी तो फसला, तर का फसला असेल?' असं विचारा, 'घेऊ का?' असं विचारू नका. आणि विरुद्ध बाजूचा चांगला मुद्दा दिसला की तेव्हाच लिहून ठेवा. डार्विनने आत्मचरित्रात ही आपली सवय सांगितली आहे: आपल्या मताविरुद्ध जाणारं तथ्य दिसलं की लगेच टिपून ठेवायचं, कारण अनुकूल तथ्यांपेक्षा तीच डोक्यातून लवकर निसटतात.

तक्त्याचा आणखी एक तोटा म्हणजे त्यात दोनच रकाने असले की तिसरी वाट सुचतच नाही. आई रात्री बाथरूममध्ये पडली तर काय, ही दादाची भीती खरी होती. पण 'सुरक्षितता' या गोल शब्दाखाली ती झाकली गेली होती. ती मोकळेपणी बोलल्यावर भिंतीला आधाराचे दांडे बसले, रात्रभर मंद दिवा राहू लागला, शेजारी एक किल्ली गेली आणि आईने गळ्यात आपत्कालीन बटण घालायचं कबूल केलं. आई तिच्या घरीच आहे.

आता न्यायाने सांगायचं तर दांडे आणि बटणाची ती यादीही दादाने चॅटबॉटकडूनच काढली होती, आणि चांगली निघाली. अशा कामाला यंत्र उपयोगी आहे: माहिती गोळा करणं, सुटलेले मुद्दे दाखवणं, कुणाला काय विचारायचं ते सुचवणं. औषधं, कायदा, कर यांतली माहिती मात्र तपासल्याशिवाय वापरू नका, यंत्र कधीकधी खोटे संदर्भही पूर्ण आत्मविश्वासाने देतं. आणि आईची तब्येत आज आहे तशी नसती, तर मी स्वतः वेगळं बोलले असते. घरचे तर्कशुद्धच असतात असंही माझं म्हणणं नाही. पण ते परिणाम भोगणार असतात, त्यामुळे त्यांच्या मताला वजन आहे.

राहिली तुमची नोकरी. पगार, कामाचं स्वरूप, वरिष्ठ, प्रवास हे मुद्दे तुम्हाला माहीतच असतील, त्यांची फोड मी करत नाही. फ्रँकलिनसारखे तीन-चार दिवस घ्या, एका बैठकीत उरकू नका. वजनं यंत्राला विचारायच्या आधी स्वतःच्या हाताने लिहा. आणि नोकरी बदलल्याने घरात कुणाचं वेळापत्रक, कुणाची शाळा, कुणाचं काम बदलणार असेल, तर त्यांना तयार तक्ता नेऊन दाखवू नका, वजनं लावतानाच समोर बसवा. दादाशी हा विषय निघाला की तो आजही म्हणतो, मी आईचं हितच पाहत होतो. पाहत होताच, त्याबद्दल मला शंका नाही. पण छापून आणेपर्यंत त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं.