नाशिकच्या मातीतलं नाव हवं असेल तर 'गौतम' ठेवा

तुम्ही नाशिककर आहात, घरी मुलगा झालाय आणि नावाला इतिहासही हवा अन् अर्थही. अभिनंदन! माझं मत थेट 'गौतम'ला.

ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी तप केलं आणि गोदावरी अवतरली अशी कथा आहे, म्हणून गोदेला गौतमीही म्हणतात. भगवान बुद्धांचं नावही हेच. पण मला सगळ्यात भावतो तो पांडवलेण्यांतला तिसऱ्या लेण्याचा शिलालेख. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी, तो कोरवून घेतला. शक, यवन, पल्हवांना हरवणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा आपला मुलगा, असं त्यात वर्णन आहे. एका आईने लेकाची अशी आठवण दगडात जपली, तीही आपल्याच गावात! बाळाला थोडं मोठं झाल्यावर पायऱ्या चढवून तिथे नक्की न्या.

वारकरी घर असेल तर 'निवृत्ती'. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू, समाधी त्र्यंबकेश्वरी. अर्थ संसारापासून अलिप्त होणं, म्हणून काही आजी-आजोबा का-कू करतात, पण मला ते नाव फार शांत वाटतं. क्रांतिकारकांपैकी हवं असेल तर 'अनंत', म्हणजे ज्याला अंत नाही असा; २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात तिथला ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे.

जन्मदाखल्यावर नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, तेव्हा बारशापर्यंत ठरलं नाही तरी घाई करू नका.