वाचक विचारतात : लंडी खाना नावाचे स्टेशन

प्रश्न : ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेतून निसटले, पण सीमेजवळ पकडले गेले. इतक्या जवळ जाऊन चुकले कुठे? आणि माझा नववीतला नातू विचारतो, पळताना सापडलेल्या कैद्याला फाशी देतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चुकला तो नकाशा!

परुळकर तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट होते. त्यांचे सुखोई-7 हे लढाऊ विमान 10 डिसेंबर 1971 ला पडले आणि रावळपिंडीच्या कॅम्पात रवानगी झाली. युद्ध आठवड्याभरात संपले, कैद काही संपेना. मग एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबतच्या कैदी वैमानिकांना घेऊन त्यांनी भिंत पोखरली, आणि 13 ऑगस्ट 1972 च्या मध्यरात्रीनंतर, पावसात, तिघे पठाणी कपड्यांत बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सीमा आता हाकेच्या अंतरावर. हे सगळे उजाडल्यावर काही तासांत, राजरोस रस्त्याने! मला भिंतीपेक्षा या धिटाईचेच जास्त कौतुक वाटते.

त्यांच्या नकाशावर पुढे लंडी खाना हे रेल्वे स्टेशन होते. लंडी कोतलला त्यांनी तिकडची वाट विचारली. पण ती गाडी 1932 सालीच बंद पडलेली! गावातला कोण माणूस चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनची चौकशी करील? तहसील कचेरीतल्या कारकुनाला संशय आला आणि तिघे अडकले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच, अशी थाप मारून परुळकरांनी हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना, म्हणजे दिमतीच्या अधिकाऱ्याला, फोन लावायला लावला. ते एडीसी म्हणजे कॅम्पचे आधीचे प्रमुख, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. त्यांनी आवाज ओळखला, ही आमचीच माणसे आहेत, त्यांना इजा करू नका, असे सांगितले. टोळीवाल्यांच्या त्या मुलखात या फोनने जीव वाचवला, असे माझे मत.

नातवाला सांगा, फाशी नाही. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार पलायनाचा फसलेला प्रयत्न ही फक्त शिस्तीची बाब. शिक्षा जास्तीत जास्त तीस दिवसांची. पळताना कुणाला मारले, जखमी केले, तर गोष्ट वेगळी. या तिघांनी कुणाला बोटही लावले नव्हते. 1 डिसेंबर 1972 ला सगळे वैमानिक वाघ्याहून परतले. परुळकरांना या पलायनासाठी विशिष्ट सेवा पदक मिळाले. त्याआधी 1965 मध्ये खांद्याला गोळी लागलेली असताना त्यांनी आपले हंटर विमान परत आणून उतरवले होते, त्याचे वायुसेना पदक वेगळेच.

आणखी एक, कारण हा घोळ पत्रांतून नेहमी येतो. परुळकरांचे सुखोई म्हणजे आजचे सुखोई-30 नव्हे. मी ओझरच्या बीआरडीत, म्हणजे हवाई दलाच्या विमानदुरुस्ती केंद्रात, सुखोई-7 वर हात काळे केले आहेत. एक आसन, एक इंजिन, आणि इंधन असे पिणारे की वैमानिकाचा एक डोळा सतत काट्यावर. सुखोई-30 ला दोन इंजिने आणि दोन आसने. नाव तेवढे सारखे.