विगेटला (कमांड लाइनवरून फाइल डाउनलोड करणारा प्रोग्रॅम) टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, दिला नाही तर ते किती वेळ थांबतं? हेल्पमध्ये काहीच लिहिलेलं नाही

पंधरा मिनिटं! रीड टाइमआउटचा (डेटा येणं थांबलं तर किती वेळ वाट बघायची त्याचा) डिफॉल्ट 900 सेकंद आहे, त्यामुळे लोकलमध्ये कुर्ल्याच्या पुढे नेट गेलं की विगेट हँग झाल्यासारखं वाटतं पण ते बिचारं वाट बघत बसलेलं असतं, आणि वर 20 वेळा ट्राय करणार ते वेगळंच. गोची अशी की टाइमआउट हा एकच ऑप्शन डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), कनेक्ट (सर्व्हरला जोडणं), रीड तिन्ही सेट करतो पण 900 फक्त रीडला, बाकी दोघांना विगेटचा स्वतःचा डिफॉल्टच नाही, सिस्टीम ठरवेल ते. मॅन्युअलमध्ये आहे सगळं, पण वेगवेगळ्या ऑप्शनखाली विखुरलेलं, एका ठिकाणी लिहायला काय जातं यांचं! होम फोल्डरमधली विगेटआरसी (विगेटच्या सेटिंग्जची) फाइल पण बघा, तिथे कोणी टाइमआउट टाकून ठेवला असेल तर तोच चालतो. तुम्ही सरळ टाइमआउट 30 आणि ट्राइज 3 द्या.