कण्यावरच्या रेघा आणि कापलेला स्टॅम्प

वाचकांचे प्रश्न, संग्राहकांची उत्तरं. या वेळची पत्रं जुन्या अमेरिकी कॉमिक्सबद्दल आहेत.

प्रश्न: साठच्या दशकातला मार्व्हलचा एक अंक ‘नियर मिंट’ म्हणून घेतला. दिसायला नवाकोरा. सीजीसीकडे (कॉमिक्सची अवस्था तपासून आकड्यात ग्रेड देणारी अमेरिकी कंपनी) ग्रेडिंगला पाठवला तर 7.0 आली. एवढं काय सापडलं असेल?

उत्तर: बहुतेक कण्यावर, म्हणजे अंकाच्या घडीच्या कडेवर, सापडलं असेल. आपली नजर चित्रावर जाते, ग्रेड देणाऱ्याची डाव्या काठावर. अंक उघडताना पिनांच्या आसपास कागद ताणला जातो आणि कण्यावर आडव्या बारीक रेघा उमटतात. या झाल्या स्पाइन टिक. रेघ नुसती दबलेली असेल आणि शाई शाबूत असेल, तर फार बिघडत नाही. शाई फुटून खालचा पांढरा कागद दिसायला लागला, की तीच दोन मिलिमीटरची रेघ महागात पडते. गडद मुखपृष्ठावर ती लगेच डोळ्यात भरते. फिक्या मुखपृष्ठावर लपते, आणि विक्रेत्याच्या फोटोत तर दिसतच नाही.

आकड्यांची पट्टी 0.5 ते 10 अशी आहे. नियर मिंट म्हणजे 9.4, व्हेरी फाइन 8.0, फाइन 6.0, व्हेरी गुड 4.0 आणि गुड 2.0. नावं फसवी आहेत. ‘गुड’ अंक म्हणजे खरं तर हाताळून हाताळून दमलेला अंक. तुमचा 7.0 हा फाइन आणि व्हेरी फाइनच्या मधला, म्हणजे अंक वाईट नाही, विक्रेत्याचा शब्द मोठा होता.

पुढच्या वेळी अंक हातात आला की पिशवीतून काढण्यापासूनच जपा. फ्लॅपची चिकटपट्टी उघडी राहिली आणि अंक तसाच ओढला, तर पट्टी मुखपृष्ठाला धरते आणि शाईचा पापुद्रा सोलून नेते. आधी फ्लॅप मागे दुमडून पट्टी पिशवीच्याच पाठीला चिकटवा, मग अंक बोर्डासकट (मागच्या आधाराच्या पुठ्ठ्यासकट) सरकवा. हात धुऊन पूर्ण कोरडे हवेत. अंक सपाट टेबलावर ठेवा आणि दिवा एका बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा. समोरून न दिसणारे अंगठ्याचे दाब आणि पुसट घड्या तिरप्या उजेडात सावलीसारख्या उठतात. मग कणा, चारही कोपरे, मलपृष्ठ आणि पिना या क्रमाने पाहा. मधलं जोडपान दोन्ही पिनांत अडकलेलं आहे ना, तेही बघा. शेवटी पानं मोजा. मलपृष्ठाकडे लोक दुर्लक्ष करतात. तिथला डागही ग्रेड खाली आणतोच.

प्रश्न: ‘इन्क्रेडिबल हल्क’चा 181वा अंक बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळतोय. मुखपृष्ठ सुंदर आहे. घ्यावा का?

उत्तर: आधी वाचकांच्या पत्रांच्या पानाचा फोटो मागवा. नोव्हेंबर 1974 तारखेच्या या अंकात वुल्व्हरिन हा सुपरहीरो पहिल्यांदा पूर्ण दिसतो (180व्या अंकात तो शेवटच्या चौकटीपुरताच येतो). त्या काळात मार्व्हल पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापत असे. पोरांनी ते कापून वहीत चिकटवावेत हाच हेतू होता, आणि पोरांनी ते इमानेइतबारे कापले. बाहेरून देखणा आणि आत स्टॅम्पच्या जागी चौकोनी भोक, असे अंक पुष्कळ फिरतात. सीजीसी अशा अंकाला एक तर तळातली ग्रेड देते, नाही तर त्या एका दोषाची नोंद असलेलं हिरवं ‘क्वालिफाइड’ लेबल लावते. हिरव्या लेबलावरचा आकडा साध्या निळ्या लेबलाच्या आकड्यासारखा वाचू नका.

स्टॅम्प आहे, पण त्या पानाचा रंग शेजारच्या पानांपेक्षा वेगळा दिसतोय किंवा पिनेपाशी भोकं दुहेरी आहेत? मग ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेलं असू शकतं. स्टॅम्प नाही हे कळूनही अंक हवा असेल तर जरूर घ्या, भाव मात्र कापलेल्या अंकाचा द्या.

प्रश्न: ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅन पहिल्यांदा आला तो, एकाने देऊ केला आहे. खरा कसा ओळखावा?

उत्तर: मोजपट्टीने. डीसी या प्रकाशकाने 1974 मध्ये या अंकाची मोठ्या आकारातली पुनर्मुद्रित प्रत काढली होती. तिला बाहेरून वेगळं जाड आवरण होतं. ते काढून टाकलं की आत 1938च्या अंकासारखंच मुखपृष्ठ, आतल्या जाहिरातीही त्याच. पण तिची उंची साधारण साडेतेरा इंच आणि रुंदी दहा इंच आहे. खरा अंक सुमारे सव्वादहा इंच उंच आणि पावणेआठ इंच रुंद. फोटोत आकार कळत नाही, म्हणून अंकाशेजारी पट्टी ठेवून फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच.

प्रश्न: पिना गंजल्या आहेत. बदलून टाकू? आणि कण्याची छोटी फाट चिकटपट्टीने जोडू का?

उत्तर: दोन्ही नको. बदललेली पिन ओळखू येते आणि तिची नोंद होते. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, मग काढायला जावं तर कागदच निघतो. अंक कोरड्या जागी ठेवा, गंज पुढे सरकणार नाही.

प्रश्न: प्रेसिंग केल्यावर ग्रेड वाढते म्हणतात. ही लबाडी नाही का?

उत्तर: यावर संग्राहकांत अजून भांडणं आहेत. सीजीसी प्रेसिंगला रिस्टोरेशन मानत नाही. रंग भरणं, कडा कापून सरळ करणं, तुटलेला तुकडा बसवणं हे रिस्टोरेशन, आणि त्याला जांभळं लेबल लागतं. प्रेसिंगमध्ये ओल, उष्णता आणि दाब देऊन कागद सपाट करतात. बोटाचे दाब, लाटा, कण्याचा हलका पीळ आणि रंग न तुटलेल्या घड्या त्याने जातात. तुटलेला रंग, फाट, डाग जसेच्या तसे राहतात. म्हणून आधी तिरप्या उजेडात दोष मोजा. निम्म्याहून जास्त दोष रंग तुटलेले असतील तर पैसे वाया जातील.

शिकाऊ हातात अंक देऊ नका. ओल आणि उष्णता जास्त झाली की मुखपृष्ठ आक्रसतं आणि आतली पानं उजव्या कडेने बाहेर डोकावू लागतात. ती मग परत आत जात नाहीत.

प्रश्न: चाळीसेक अंक विकायचे आहेत. सगळे स्लॅब करून (ग्रेड देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून) घेऊ का?

उत्तर: नाही. स्वतः ठरवलेल्या ग्रेडमधून एक पायरी वजा करा आणि त्या ग्रेडचा भाव पाहा. त्यातून ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा वजा केल्यावरही सुट्या अंकापेक्षा ठळक फायदा उरत असेल, तरच पाठवा. चाळिसांत असे चार-पाच निघाले तरी पुष्कळ.

भाव बघताना मागितलेली किंमत धरू नका, विकली गेलेली धरा, आणि तीही ताजी. ‘अमेझिंग फँटसी’च्या 15व्या अंकाची (स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो) 9.6 ग्रेडची प्रत 2011 मध्ये 11 लाख डॉलरला गेली, तर 2021 मध्ये त्याच ग्रेडला 36 लाख आले. भाव असे वर जातात, तसे खालीही येतात.

सुटे अंक विकताना पिशवीबाहेर काढून दोन्ही बाजू, मधलं पान आणि प्रत्येक दोष जवळून दाखवा. लपवलेला दोष परतीच्या टपालाने घरी येतो. पाठवताना पिशवीतला अंक नालीदार पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवा. एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पुठ्ठा कुठल्याच दिशेने वाकत नाही. पुठ्ठे अंकापेक्षा प्रत्येक बाजूने इंचभर मोठे हवेत, कारण मार कोपऱ्यांवरच बसतो. पिशवी एका पुठ्ठ्याला चिकटवून टाका, नाही तर अंक आत सरकून कडेवर आपटेल.