अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी तिथली गावोगावची संग्रहालयं आणि जुनी घरं बघावीत का?

जरूर बघा. तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलाकडे आलात, नायगारा आणि वॉशिंग्टन झालं, आणि आता मुलगा-सून कामाला गेली की दिवस खायला उठतो. रोज फिरायला जाता त्या रस्त्यावर ‘हिस्टॉरिकल सोसायटी’ची पाटी दिसते, पण आत जावं की नाही, इंग्रजी जमेल की नाही, असं वाटतं. मी निवृत्त शिक्षिका आहे, मुलीकडे चार उन्हाळे काढलेत. पहिल्या उन्हाळ्यात मीही त्या पाटीसमोरून नुसती जात होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात त्या पाटीपासूनच करा. अशी गावची संग्रहालयं बहुतेक स्वयंसेवक चालवतात आणि ते साधारण तुमच्याआमच्याच वयाचे असतात. कुणी शाळेत शिकवलेलं, कुणी पोस्टात नोकरी केलेली. पुष्कळ ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी दोन-तीन तास उघडं असतं, हिवाळ्यात तर बंदच, त्यामुळे आधी फोन करून जा. तिकीट नसलं तर दाराशी देणगीची पेटी असते.

आत काय असतं? मला वाटलं होतं, काहीतरी अनोळखी असेल. पहिल्याच खोलीत उंच लाकडी पिंप होतं, झाकणातून वर-खाली करायचा दांडा. ही तर रवी! शेजारी चरखा, बिडाची भांडी, आणि एक भोकाभोकाची पेटी, जिच्यात निखारे ठेवून ती थंडीत चर्चमध्ये पायाखाली घ्यायचे. तिथल्या बाईंना मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे रवीला दोर गुंडाळून दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढतात, आणि हात हलवून दाखवलं. त्यांनी आतल्या दोघांना हाक मारली, मला खुर्ची दिली, पुन्हा करून दाखवायला लावलं. त्यांच्यातल्या कुणीच लोणी स्वतः काढलेलं नव्हतं, मी काढलं होतं. तेव्हा इंग्रजीची काळजी सोडा. त्या वस्तू वापरलेली माणसं आता तिथे फार उरलेली नाहीत आणि आपल्या पिढीने त्यांच्या भावंडवस्तू वापरल्यात.

भिंतीवर बर्फ कापायच्या मोठ्या करवती दिसल्या तर थांबा. विजेची यंत्रं येण्याआधी हिवाळ्यात गोठलेली तळी आणि नद्या कापून लाद्या काढत आणि भुशात घालून वर्षभर साठवत. बॉस्टनहून असा बर्फ जहाजाने 1833 साली कलकत्त्याला पोचला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला.

आणखी एक. निघताना स्वतःहून विचारा, ‘माझा मुलगा अमुक रस्त्यावर राहतो, तिथे पूर्वी काय होतं?’ कपाटांत घराण्यांच्या आणि रस्त्यांच्या नावाने फायली असतात. आग-विम्याच्या कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्नचे जुने नकाशे असतात, ज्यांत विटांची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी रंगवलेली असते. माझ्या मुलीच्या घराच्या जागी लाकडाची वखार निघाली. संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं तर जावयांनी दुसऱ्या दिवशी रजा काढून स्वतः जाऊन नकाशा पाहिला.

आता जुनी घरं. इथे माझं मत स्पष्ट आहे: दहा राज्यांतली दहा घरं बघू नका, एक नदी धरा. तुम्हाला जवळची हडसन. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो-नॉर्थची गाडी पकिप्सीला जाते, साधारण दोन तास लागतात. जाताना डाव्या बाजूला बसा, नदी सोबत असते. पुढे हाइड पार्कला गाडी करावी लागते.

हाइड पार्कला दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं घर, स्प्रिंगवुड. 1882 साली ते याच घरात जन्मले आणि बाहेरच्या गुलाबांच्या बागेत त्यांना पुरलंय. पोलिओने 1921 मध्ये, 39व्या वर्षी पाय गेले. जिन्याजवळ सामानाच्या ट्रंका वर नेण्यासाठीचा एक छोटा हातलिफ्ट आहे. त्यात बसून ते स्वतः दोर ओढून वर जायचे. त्यांची चाकाची खुर्ची म्हणजे स्वयंपाकघरातली साधी खुर्ची, तिला चाकं लावलेली. युद्ध चालवणारा माणूस त्या कपाटाएवढ्या जागेत दोर ओढत वर जातोय, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या दोरासमोर उभं राहणं वेगळं. माझे गुडघे दुखतात म्हणून असेल, मी तिथे बराच वेळ उभी होते.

पण मला तिथे खऱ्या दिसल्या त्या त्यांच्या पत्नी एलिनॉर. घर सासूबाईंच्या नावावर होतं, सारा रूझवेल्ट 1941 मध्ये वारल्या तोपर्यंत. वरच्या मजल्यावर सासूची प्रशस्त खोली, नवऱ्याची प्रशस्त खोली आणि मधे सुनेची चिंचोळी खोली. गाईड हे दोन वाक्यांत सांगून पुढे गेला, पण आमच्या घोळक्यातल्या सगळ्या बायका त्या दारात रेंगाळल्या. त्यासाठी तिकडून थोड्याच अंतरावरचं व्हॅल-किल त्याच दिवशी बघा. ते एलिनॉर यांचं स्वतःचं घर. आधी तिथे त्यांनी मैत्रिणींबरोबर फर्निचरचा कारखाना चालवला, तो बंद झाल्यावर त्याच इमारतीत राहायला लागल्या. साध्या खुर्च्या, भिंतभर माणसांचे फोटो. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्ष आणि आपल्या हंसाबेन मेहता त्याच समितीत. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आले ते हंसाबेनच्या आग्रहामुळे.

जवळच व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्याचा 54 खोल्यांचा वाडा आहे. संगमरवर, गालिचे, सगळं भरपूर. वर्षातून थोडेच आठवडे ते लोक तिथे राहायचे आणि ते जाणवतं. वेळ कमी असेल तर बाहेरून नदीचा देखावा बघा आणि पुढे निघा.

मोठ्या घरांत एक प्रश्न मात्र माझ्यासाठी विचारा: इथे पाणी कोण भरत होतं, चूल कोण पेटवत होतं? गुलामगिरी फक्त दक्षिणेत होती असं मीच वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. ते चूक होतं. न्यूयॉर्क राज्यात ती 4 जुलै 1827पर्यंत होती. स्लीपी हॉलोला फिलिप्सबर्ग मॅनर म्हणून जुनी पाणचक्की आणि घर आहे. तिथला मालक 1750 मध्ये वारला तेव्हा मालमत्तेच्या यादीत गुरं, भांडी यांच्याबरोबर 23 गुलाम माणसं नोंदलेली होती. चक्की चालवणारा सीझर त्यांच्यातलाच. चक्कीचं पीठ, तिचा आवाज, पाट, सगळं सुंदर आहे आणि गाईड नीट सांगतात, टाळत नाहीत. अजून वर किंग्स्टन गावात 1676 सालचं दगडी सिनेट हाउस आहे, 1777 साली राज्याची पहिली सिनेट तिथे भरली आणि त्याच ऑक्टोबरात इंग्रजांनी गाव जाळलं. त्याच गावच्या कोर्टात सोजर्नर ट्रूथ या पूर्वी गुलाम असलेल्या बाईने 1828 साली आपला विकला गेलेला मुलगा परत मिळवला. ती याच जिल्ह्यातली, तिची मातृभाषा डच.

जिन्यांबद्दल: जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते आणि जिने अरुंद असतात. तिकीट काढतानाच सांगा, काही ठिकाणी वरच्या मजल्याची चित्रं खाली बसून बघायची सोय असते. खांद्यावरची मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत आणि टेबलाला टेकायचं नाही.

पकिप्सीला जाल तर शेवटचा तासभर रूरल सेमेटरीसाठी ठेवा. संग्रहालय नव्हे, दफनभूमी आहे, तरी मी सांगेन की सगळ्यात आधी हेच ठरवा. आपल्या आनंदीबाई जोशींच्या अस्थी तिथे आहेत. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंनी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि त्यातून ओळख झाली. 1883च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यू जर्सीत रोझेलला त्यांच्याच घरी उतरल्या. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने रोझेल गाव विजेच्या दिव्यांनी उजळलं होतं. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंना पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. दगडावर लिहिलंय की शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री.

मी गेले तेव्हा कार्यालयात ‘जोशी’ हे आडनाव नेहमीच्या स्पेलिंगने लिहून दिलं आणि त्यांना सापडेना. आनंदीबाई आपलं आडनाव शेवटी दोन ‘ई’ घालून लिहायच्या, दगडावरही तसंच आहे. तसं लिहून द्या. कार्यालय बंद व्हायच्या आत पोचा, कारण जागा मोठी आहे आणि नकाशाशिवाय सापडत नाही.