तातडीची गर्भनिरोधक गोळी : उलटी, रक्तस्राव आणि काही गैरसमज

प्रश्न : माझे वय २९ असून मला एक मूल आहे. नऊ दिवसांपूर्वी संबंधांच्या वेळी निरोध फाटल्यामुळे मी साधारण वीस तासांनी लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी घेतली. दीड तासाने मला उलटी झाली, परंतु ही गोळी एकदाच घ्यायची असते असे ऐकल्यामुळे मी दुसरी घेतली नाही. सहाव्या दिवशी थोडे रक्त गेले. गोळी लागू पडली असा याचा अर्थ घ्यावा का? गेल्या सहा महिन्यांत ही माझी चौथी गोळी आहे. पुढे दुसरे मूल हवे असल्यास अडचण येईल का, आणि या वेळी दिवस राहिलेच असतील तर बाळात व्यंग निर्माण होईल का?

उत्तर : आधी रक्तस्रावाविषयी सांगते, कारण या एका समजुतीमुळे अनेक स्त्रिया निर्धास्त राहतात आणि गर्भधारणा उशिरा लक्षात येते. गोळीतील संप्रेरकामुळे मधेच थोडे रक्त जाऊ शकते. ती पाळी नव्हे आणि गोळीने काम केल्याची खूणही नव्हे. त्यातच आपल्याला दीड तासात उलटी झाली होती. दोन ते तीन तासांच्या आत उलटी झाली तर औषध पुरेसे शोषले गेले नाही असे धरून लगेच दुसरी गोळी घ्यावी लागते. आता ती वेळ निघून गेली आहे. त्या संबंधांना २१ दिवस पूर्ण झाले की लघवीची गर्भधारणा चाचणी करा. हे उत्तर छापून येईपर्यंत तो दिवस उलटला असेल, तर आजच करा. या गोळीनंतर पाळी काही दिवस मागेपुढे होते, पण एक आठवड्याहून अधिक लांबली किंवा ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना सुरू झाल्या, तर विनाविलंब डॉक्टरांना भेटा, कारण गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता तपासणे आवश्यक असते.

ही गोळी मुख्यतः अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, आणि तेवढ्या काळात स्त्रीबीज बाहेर आले नाही तर दोहोंची गाठ पडत नाही. स्त्रीबीज बाहेर पडण्याची प्रक्रिया एकदा सुरू झाली की मात्र लेव्होनॉरजेस्ट्रेलचा उपयोग होत नाही. म्हणूनच ‘७२ तासांची गोळी’ हे लोकांच्या तोंडी असलेले नाव मला घातक वाटते. तीन दिवस हाताशी आहेत असे त्यातून वाटते, प्रत्यक्षात पहिल्या दिवशी घेतलेली गोळी तिसऱ्या दिवशीच्या गोळीपेक्षा अधिक भरवशाची असते. युलिप्रिस्टल ॲसिटेटची ३० मिलिग्रॅमची गोळी १२० तासांपर्यंत चालते आणि उशीर झाला असेल तर तीच अधिक प्रभावी ठरते. बीज केवळ पुढे ढकलले गेल्यामुळे, गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आले तर दिवस राहू शकतात. मागच्या संबंधांसाठी घेतलेली गोळी पुढच्यांना संरक्षण देत नाही.

दिवस राहिलेच असतील तर या गोळीने गर्भपात होत नाही आणि बाळात व्यंगही निर्माण होत नाही. गर्भपाताच्या गोळ्या पूर्णपणे वेगळ्या असतात. पुढील मातृत्वालाही यामुळे बाधा येत नाही. परंतु सहा महिन्यांत चार वेळा ही गोळी लागली, यावरून आपल्याला नियमित साधनाची गरज आहे हे स्पष्ट होते. वारंवार घेतल्याने पाळीचे चक्र विस्कळीत होते, आणि रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी यांइतकी ती खात्रीशीर नाही. आपल्याला काही वर्षांचे अंतर हवे असेल, तर मी तांबीचा विचार करण्यास सुचवीन. काढल्यावर लगेच गर्भधारणा होऊ शकते.

प्रश्न : मला फिट येत असल्याने कार्बामाझेपीन चालू आहे. गरज पडल्यास ही गोळी मला चालेल का?

उत्तर : चालेल, पण नेहमीच्या मात्रेवर विसंबता येणार नाही. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यांसारख्या औषधांमुळे यकृत या संप्रेरकाचे विघटन फार वेगाने करते, आणि ही औषधे बंद केल्यावरही चार आठवडे हा परिणाम टिकतो. आपल्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे. तिच्यावर कोणत्याही औषधाचा परिणाम होत नाही. ते शक्य नसल्यास डॉक्टर लेव्होनॉरजेस्ट्रेलची दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅमची मात्रा सुचवतात. युलिप्रिस्टल आपल्यासाठी योग्य नाही. गर्भनिरोधक गोळी लागू पडावी म्हणून फिटचे औषध मात्र एक दिवसही थांबवू नका.