मेंढ्यांना जंताचं औषध पाजताना

शिरूर-दौंडच्या माळावर नवा कळप सांभाळायचा तर जंताचं औषध अंदाजाने पाजू नका. डोस कमी पडला की तगडे जंत उरतात, त्यांचीच पैदास वाढते आणि पुढे औषध लागू पडेनासं होतं. आधी वजन करा. अडीच टक्के अल्बेंडाझोलच्या एका मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असतं, किलोला 7.5 मिलिग्रॅम धरलं तर 30 किलोच्या मेंढीला 9 मिली. गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात मात्र हे नको, कोकरात व्यंग येऊ शकतं. पाजताना तोंड वर ताणलं तर ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. मान सरळ ठेवून जिभेच्या मुळाशी सोडा.

पावसाळ्यात डोळ्याची खालची पापणी ओढून बघत जा. आतून लाल असेल तर ठीक. पांढुरकी पडली, जबड्याखाली पाणी उतरलं, तर बहुधा जंत रक्त पितायत. लेंड्या तपासून घ्या.

औषध पाजल्यावर मटणाला जाणारं जनावर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय विकू नका, बकरी ईदचा भाव कितीही चढो. हे दिवस औषधागणिक बदलतात. तारीख वहीत लिहा, पाठीवर रंगाची खूण करा.

आणि पाण्याच्या गाठी असलेलं काळीज-फोपसं कुत्र्याला टाकू नका, खोल पुरा. त्या गाठी खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात जंत होतात आणि विष्ठेतली त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात तशाच गाठी होतात. राखणीच्या कुत्र्यालाही प्राझिक्वान्टेल हे जंताचं औषध द्या, किलोला 5 मिलिग्रॅम.